माप शंभूचं, ड्रायव्हर माझा

...आन् वर ती दुकानातली बाई मलाच इचारतीया, "सर, फिटिंगला तुम्ही स्वतः का नाही आलात?" आता काय सांगायचं हिला? अहो, आमच्या घरात माप द्यायला सगळी कशाला जातील? तुमाला सांगतो, आमी दोघं भाऊ, मी हैबतराव आन् धाकटा शंभू, उंची एक, छाती एक, पायातली चप्पल एक! पौडच्या शिंप्याकडं एकानं जायचं आन् दोघांचे सदरे शिवून आणायचे. माझ्या लग्नातला कोट शंभूच्या मापाचा. बसला का न्हाई? बसला! मग? माप म्हंजे माप, का न्हाई?

तर ड्रायव्हर. गाडीवरचा न्हवं, गोल्फचा! गोल्फातली सगळ्यात लांब काठी, तिला ड्रायव्हर म्हणत्यात, पयला दणका तिनं हाणायचा. आता तुमी म्हणाल, कासार आंबोलीचा हैबतराव आन् गोल्फ? अहो, मैदानाला जमीन दिली तवा त्यांनी मला क्लबाचा सभासद करून घेतलं! बघू तरी काय करत्यात म्हणून गेलो, आन् नाद लागला. पर एक दुखणं हाय. आमचं खालचं वावर हुतं ना, तितं मदी ओढा हाय, चेंडू एका फटक्यात ओढ्यापल्याड गेला पायजे. आन् माझा चेंडू? एकदाबी न्हाई! ज्या ओढ्यात मी म्हशी धुतल्या त्योच ओढा माझा चेंडू गिळतोय! तो रत्नदीप, मारुंजीला ऱ्हातो, आयटीतला मोठा साहेब, माणूस सोन्यासारखा पर जीभ... "हैबतराव, ओढा तुमचाच ना? मग चेंडूला जाऊ का देत नाही?" सगळे हसत्यात. मीबी हसतो. पर घरी आलो की भाकरी गोड लागत न्हाई. फकस्त एकदा, ह्या डोळ्यांदेखत माझा चेंडू पल्याड पडावा! लई मागतोय का मी?

रत्नदीपच म्हणला, "तुमची काठी कुणाची तरी वापरलेली आहे हो, नवीन घ्या, नीट फिटिंग करून घ्या." पुण्यातल्या दुकानाचा नंबर दिला. फोन लावला, तर तिकडनं तृप्ती म्हणून बाई, लई गोड आवाज, "सर, आम्ही अगदी तुमच्या मापाचा ड्रायव्हर देतो, फक्त फिटिंगला यावं लागेल." आन् तिनं दिलेला दिवस कुठला? नेमका भावकीतल्या दहाव्याचा! आता दहावा चुकवता येतोय व्हय? जन्मभर तोंड बघणार न्हाईत लोकं. मी म्हणलं, शंभू, तू जा. माप म्हंजे माप!

शंभू गेला. त्यानं गोल्फ कधी टीव्हीवरबी बघितला न्हवता. तितं जाळीपुढं उभा केला, शेजारी कॉम्प्युटर, खाली चेंडू... "मारा सर!" ह्यानं लाकडं फोडतो तसा हाणला! परत मारा, परत मारा, ती काठ्या बदलतीया, काठ्यांची डोकी बदलतीया, ह्यो हाणतोय... आन् नाव इचारलं तर काय सांगितलं? "हैबतराव!" का? तर सदरा ज्याचा, नाव त्याचं, शिंप्याकडं तसंच सांगतो न्हवं आपण? बरोबरच हाय त्याचं!

मी हिकडं नदीवर, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसलेलो. तेवढ्यात तृप्तीचा फोन! "सर, तुम्ही आत्ताच गेलात, पण राहवलं नाही म्हणून फोन केला. काय नॅचरल स्विंग आहे हो तुमचा! असे लोक आमच्याकडे फार कमी येतात." आता दहाव्याला हसू नये, मला कळतंय की! पर गालातल्या गालात आलंच. भावकी बघाया लागली. बघू द्या! काठीला हात लावला न्हाई, चेंडूला हात लावला न्हाई, आन् तरी छाती फुगली माझी.

काठी आली. काळीभोर, चकचकीत! बायकूनं, आमच्या सुलक्षणानं, हळदकुंकू लावलं, म्हणली, "आता तरी जाऊ द्या पल्याड, आन् घरात जरा शांतता येऊ द्या." रविवारी ओढ्यापुढं उभा ऱ्हायलो. रत्नदीप, सगळी मंडळी, शंभूबी बघायला आलेला. काठी जमिनीला टेकवली... तर तिचं तोंड उलटीकडं! ओढा पुढं आन् काठीचं तोंड मागं! फिरवली, तरी तीच तऱ्हा. रत्नदीपनं हातात घेऊन बघितली आन् म्हणला, "हैबतराव, हा ड्रायव्हर डावऱ्या माणसाचा आहे."

शंभू! अहो, शंभू डावरा! पर कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय? लहानपणी म्हातारीनं हातावर उलथनं हाणून हाणून त्याला उजव्यानं जेवाया लावलं. ताटावर उजवा, पाटीवर उजवा, फकस्त कुऱ्हाड घेतली की डावा. सदऱ्याला डावं-उजवं असतंय व्हय? मला कसं कळावं? माप म्हंजे माप!

रत्नदीप म्हणला, "आता आणलाच आहे तर ह्यांना मारू द्या की एक." शंभूनं चप्पल काढली, हातावर थुंकला आन् हाणला... चेंडू गेला, गेला, ओढा गेला, बांध गेला, पार आंब्याखाली! टाळ्या! मीबी वाजवल्या. पर खोटं कशाला बोलू? पाठचा भाऊ हाय, माझ्या अंगाखांद्यावर वाढला, तरीबी वाटलं, अरे ओढ्या, तुज्यात म्हशी मी धुतल्या का ह्यानं?

दुसऱ्याच दिवशी, जुनी काठी काखोटीला मारून, तडक दुकानात. तवाच ती म्हणली, स्वतः का नाही आलात. म्हणलं, आता आलोय ना, घ्या माप! दणादण मारले. तिनं कॉम्प्युटरकडं बघितलं... माझ्याकडं बघितलं... मला पाणी दिलं. म्हणली, "सर, तुमचा जुना ड्रायव्हर बघू." त्या जुन्या काठीनं मारायला लावलं, परत कॉम्प्युटरकडं बघितलं. "सर, हा तुम्हाला अगदी परफेक्ट बसतोय. नवीन घेऊन काहीच फरक पडणार नाही."

कळलं का? काठीत खोट न्हाई! मग कशात हाय? तिनं माझी जुनी काठी पुसून परत हातात दिली. चांगल्या घरची हाय. माप म्हंजे... जाऊ द्या.

आता शंभूलाबी क्लबात घेतलंय, आमी जोडीनं खेळतो, चेंडू एकच, एक फटका माझा, एक त्याचा. त्या वावरात आलो की मी चेंडू ओढ्याच्या काठापातुर हळूच आणून ठेवतो, मंग शंभू पल्याड टाकतो. तुमाला सांगतो, जमीन हुती तवर आमी भावांनी कधी वाटणीचा शब्द काढला न्हाई, गावात नाव हुतं आमचं! आन् आता जमीन इकून बसल्यावर झाली बघा वाटणी... ओढ्याच्या अलीकडचं माझं, पल्याडचं शंभूचं.