पलीकडचा उतार

नांद्याच्या कीर्तनाला जायला भूगावच्या थांब्यावर उभा होतो. मागे दोघी बोलत होत्या.

“वर्षभर माझ्या शैलेशचं सामान जपलंत, रत्नामावशी.”

“भाडेकरू असला तरी तुझा लेक घरातलाच व्हता गं. टीवीवर ती उड्यांची स्पर्धा लागायची, उन्हाळ्यात मोटारसायकली, हिवाळ्यात बर्फावर. ती बघून त्यानं वढ्यावर फळ्या ठोकल्या. अलीकडं चढ, पलीकडं उतार. आमी हसायचो, म्हणायचो, माकडा, त्यापरीस पूल बांध की.”

“पहिलीच उडी होती?”

“व्हय. पलीकडं पोचलाच न्हाई.”

“तुमचा रोहित म्हणाला, तुम्ही काहीतरी ऐकता.”

“सांगू नये बाई, पर स्पर्धा लागली की दिवेलागणीला त्याची गाडी ऐकू येती. फळ्यांवर चढती, वर जाती. खाली आल्याचा आवाजच न्हाई. उन्हाळ्यात आला, आता थंडीतबी आला. उद्या माणसं लावून समद्या फळ्या काढून घेतीया.”

“अलीकडचा चढ काढा, मावशी. पुन्हा चढायला नको त्याला.”

“आन् पलीकडचा?”

“तेवढा राहू द्या. तो अजून वरच आहे ना. उतरेल कुठं?”