हवापालट

दवाखान्यातल्या बाकावर मायलेकी फॉर्म भरत होत्या. लेकीच्या मांडीवर दीड महिन्याचं बाळ होतं, म्हणून पेन आईच्या हातात. बाकावर शेजारी बसलेल्या एका मास्तरीणबाईंनी पुस्तक उघडलं होतं, पण पान काही उलटत नव्हतं.

“‘सख्ख्या नात्यात बाळंतपणानंतर कुणाला मनाचा आजार?’ नाही. आपल्याकडे असली थेरं नाहीत.”

“आई, मी झाले तेव्हा तू सहा महिने मामाकडे होतीस ना?”

“तो हवापालट होता.”

“आणि मी?”

“आजीकडे. वरच्या दुधावर चांगली गुटगुटीत झालीस.”

“मला का नाही नेलंस?”

“तू रडलीस की मला विहीर दिसायची. आजीच म्हणाली, पोर ठेव आणि जा.”

“मग हे लिही.”

“हवापालट काय आजार आहे? पुढचं बघ. ‘लहानपणी आईपासून दूर राहिलात का?’ नाही. आजी काय परकी होती?”

“आई, हा रडला की मला आपली गच्ची दिसते.”

पेन थांबलं. मास्तरीणबाईंनी पुस्तक मिटलं.

“कधीपासून?”

“बाराव्या दिवसापासून.”

आईने बाळ अलगद स्वतःच्या मांडीवर घेतलं.

“घाबरू नकोस. पोर ठेव माझ्याकडे, आणि जा चार दिवस मामाकडे.”