गट्टूचा ‘म’

(कान-नाक-घशाच्या दवाखान्यातली तपासणीची खोली. रुग्णाच्या खुर्चीशेजारी एक लाकडी पेटी, झाकण बंद.)

डॉक्टर: हसू नका काका, नुसते दात दाखवा. हं. आता शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करा.

बायको: अगं बाई! सगळं तोंड डावीकडे ओढलं गेलं.

डॉक्टर: काकू, तुम्ही जरा बसा बघू. काका, कपाळाला आठ्या घाला.

बायको: उजवीकडे एकही पडत नाही. डॉक्टर, हा अर्धांगवायूच ना? खरं सांगा. माझ्या सासऱ्यांचं अस्संच सुरू झालं होतं.

डॉक्टर: दोन्ही हात वर करा. आता पाय. छान. मेंदूतला झटका असता, काकू, तर कपाळ बहुधा हललं असतं. इथे तेही गप्प आहे, म्हणजे गडबड चेहऱ्याच्या नसेत दिसतेय. काका, कान दुखतो?

बाहुलीवाला: नाही. तसं काही नाही. थोडं गरगरतं.

बायको: नाही काय नाही! परवापासून गट्टू बोंबलतोय, ‘ह्याचा कान कातून टाका’ म्हणून.

डॉक्टर: गट्टू म्हणजे नातू?

बायको: कसला नातू! त्या पेटीत आहे ना, तो. हे बोलक्या बाहुल्यांचे खेळ करतात. स्वतःच्या तोंडानं दुखतंय म्हणायची लाज वाटते, मग गट्टू म्हणतो. लग्न झाल्यापासून ह्यांचा राग, रुसवा, ताप, खोकला, सगळं मला त्या लाकडाच्या तोंडून कळतं. परवा तो कान कापायला सांगत होता आणि मी पोट धरून हसले हो. काल पाण्याला ‘ताणी’ म्हणाले, तरी मला वाटलं तालीम चाललीय.

डॉक्टर: ताणी?

बायको: ओठ न हलवता ‘प’ येतो का? मग ‘त’ म्हणायचं. ‘ब’चा ‘द’, ‘भ’चा ‘ध’, ‘म’चा ‘न’. पटकन बोललं की कुणाला पत्ता लागत नाही. गट्टू स्वतःला ‘मी’ नाही म्हणत, ‘नी’ म्हणतो. पलीकडच्या खोलीत कोण बोलतंय, ते मला त्यावरूनच कळतं.

डॉक्टर: काका, म्हणा बरं, ‘बाबा, मामा आले.’

बाहुलीवाला: दादा, नाना आले.

बायको: घ्या. सगळी नातीच बदलली.

डॉक्टर: मुद्दाम करताय?

बाहुलीवाला: ओठ जुळतच नाहीत. हे सोतं जातं.

डॉक्टर: मान तिकडे करा. कान बघू. हं…

बायको: हं काय? नुसतं हं म्हणू नका हो, जीव जातो माझा.

डॉक्टर: कानाच्या भोकाशी बारीक बारीक फोड आहेत, पाण्यानं भरलेले. नागीण आहे ही.

बायको: नागीण? ती तर कमरेला येते!

डॉक्टर: कुठेही येते. काका, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?

बाहुलीवाला: आल्या होत्या. शाळेत.

डॉक्टर: त्या बऱ्या झाल्या, पण विषाणू काही गेला नाही. नसेच्या मुळाशी झोपून राहिला तो. आता जागा झाला. ही नस कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोळातून जाते. तिथे सुजली, दबली की चेहऱ्याची तेवढी बाजू बंद पडते.

बायको: म्हणजे इतकी वर्षं तो ह्यांच्या डोक्यातच होता? आमच्या घरात, आमच्या अंथरुणात? आई गं. डॉक्टर, तिचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो म्हणतात…

डॉक्टर: म्हणू देत. तसलं काही नसतं. पण घाई आहे, हे खरं. पहिल्या गोळ्या इथेच घ्यायच्या. उजवा डोळा मिटत नाहीये, त्यात थेंब घालत राहायचे, झोपताना मलम आणि वर पट्टी. डोळा कोरडा पडला तर जखम होते. आणि ऐकू किती येतं, तेही तपासू.

बायको: चेहरा येईल ना पहिल्यासारखा?

डॉक्टर: बऱ्याच जणांचा येतो. ह्यांचा पुरता येईल की थोडा राहील, ते आज नाही सांगता येणार.

बायको: कालच आणलं असतं तर?

डॉक्टर: बरं झालं असतं. पण आजही वेळ गेलेली नाही. बसा, मी गोळ्या घेऊन येते.

बायको: ऐकलंत? ‘बऱ्याच जणांचा’ म्हणाली. सगळ्यांचा नाही म्हणाली.

बाहुलीवाला: ऐकलं. डाव्या कानानं.

बायको: थट्टा पुरे.

बाहुलीवाला: खेळ थांदणार नाही. लोक गट्टूकडेच तर दघतात.

बायको: लोक बघत असतील. मी कधीच नाही बघितलं त्याच्याकडे. पहिल्या रांगेत बसून मी तुमच्याकडे बघत असते. गट्टूनं काही आगाऊपणा केला की तुम्ही ओठांच्या उजव्या कोपऱ्यात हसता, एवढंसं. बाकीचा खेळ लोकांचा. माझं तेवढंच असतं. तेच गेलं तर मी काय करू?

बाहुलीवाला: येईल. काळजी नको करू.

बायको: असली गोडगोड समजूत गट्टू घालतो. आज मला ती नकोय. दुखतंय ना?

बाहुलीवाला: खूत. कानात कुणी खिळा ठोकतंय.

बायको: अहो, मग इतका वेळ… आणि? आणखी काय होतंय? बोला.

बाहुलीवाला: नला धीती वाटतेय.

बायको: भीती? हे कोण म्हणतंय? तुम्ही, की पेटीतला तो?

बाहुलीवाला: गट्टू तेटीतच आहे गं.