घंटा अजून वाजू दे

आगीच्या घंटेची तपासणी होती, म्हणून अख्खी इमारत खाली उतरली होती. चौथ्या मजल्यावरची एक बाई मेकॅनिकच्या मागे उभी होती, कान टवकारून.

“दादा, एवढ्यात बंद करू नका.”

“तपासणी झाली, मावशी. लोकांचे कान किटले.”

“किटू द्या. नापास झाल्यापासून माझा मुलगा खोलीबाहेर पडला नव्हता. घंटेमुळे आज खाली आलाय.”

“कुठला?”

“तो, उलटा शर्ट घातलेला. मित्राशी बोलतोय बघा.”

“हसतोय की.”

“घंटा थांबली की वर पळेल.”

मेकॅनिकने गर्दीकडे वळून घसा खाकरला. “ऐका हो, चौथ्या मजल्यावरची घंटा वाजत नाहीये. पुन्हा तपासतो. तोवर कुणी वर जायचं नाही.”

“अहो, तीच तर सगळ्यात मोठ्याने वाजतेय.”

“मावशी, तुम्हाला कमी ऐकू येतं.”