उत्तरं आईच्या पर्समध्ये

दाताच्या दवाखान्यात पेन्शनर आजोबा सुजलेला गाल धरून बसले होते. शेजारी कॉलेजातली मुलगी सरावाचं गणित पुन्हापुन्हा खोडत होती. तिची आई पर्स घट्ट धरून बसली होती.

"आई, उत्तराचं पान दे ना. उद्या विद्यापीठाची स्पर्धा आहे!"

"मागितलं तरी देऊ नकोस, असं तूच बजावलंयस."

"निदान पहिली ओळ तरी वाच."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी वाचणार नाही."

"सख्खी आई ना तू?"

"म्हणूनच. सावत्र असते तर केव्हाच दिलं असतं."

"थांब… हे शेवटाकडून धरलं तर? आई, सुटलं!"

"हे घे पान, ताडून बघ."

"कशाला? बरोबर आलंय, दिसतंय मला. पुढचं गणित दे."

"आजोबा, चला, तुमचा नंबर," कंपाउंडर म्हणाला.

"दुसऱ्या कुणाला तरी घ्या हो. आमचं अजून एक गणित व्हायचंय."