मंजुळाबाईंचा अंगठा

मंजुळाबाईंचा अंगठा हलला नाही ना, तिथंच मला कळायला हवं होतं! उजव्या पायाचा. तुम्हाला सांगते, आमच्या गावात देवी येते ती आधी तिथं येते. म्हणजे कसं, अण्णा हलगी शेकून घेतात, पहिले चार ठोके पडतात, मंजुळाबाई पारावर डोळे मिटून बसलेल्या असतात, आणि त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा असा... टुक... टुक... मग घोटा, मग गुडघा, मग केस सुटतात, मग देवी काय बोलायचं ते बोलते आणि मगच पालखी उचलायची. हा क्रम. माझ्या जन्माच्या आधीपासून. आणि यंदा मी बटण दाबलं, मशीन सुरू झालं, कर्ण्यातून आवाज घुमला, मी स्वतःच दचकले, सगळं गाव अंगठ्याकडं बघतंय, आणि अंगठा... ढिम्म!

आता तुम्ही म्हणाल, हलगीच्या जत्रेत मशीन कशाला? अहो, मला काय हौस होती का? रामहरी हलगीवाले म्हणजे आमचे अण्णा. चकलांब्याच्या पुढं आमचं गाव, जत्रेतल्या हलगीचा मान आमच्या घराचा. पण दिवाळी झाली की आई-अण्णा कारखान्यावर, ऊसतोडीला. दरसाल जत्रेपुरते दोन दिवस येतात. यंदा मुकादम म्हणाला, "आता गेलास तर तिकडंच राहा." झालं! लगेच जत्रा कमिटीचे विठ्ठलराव मिशीला पीळ देत, "रामहरी न्हाई ना येत? मंग डीजे सांगतो. आन् एक डाव डीजे आला की दरसाल त्योच, आधीच सांगून ठिवतो, पुन्हा मान-बिन म्हणत दारात यायचं न्हाई!" आणि तेव्हा माझ्या तोंडून... वर्गात हजेरी देताना जिला घाम फुटतो त्या माझ्या तोंडून निघालं, "मी वाजवते!"

काय वाजवते? हलगी मला येत नाही! लहानपणी अण्णांनी शिकवून पाहिली, पण मी दचकते हो. स्वतःच ठोका मारायचा आणि स्वतःच दचकायचं, असं कुठं वाजवणं असतं का? पण बी.एस्सी.ला आहे ना मी, इलेक्ट्रॉनिक्स, फर्स्ट क्लास! दिंद्रुडच्या एका बँजो पार्टीवाल्याकडं जुनं ड्रम मशीन धूळ खात होतं, ते मागून आणलं. डब्याएवढं यंत्र, समोर सोळा बटणं एका ओळीत, प्रत्येक बटण म्हणजे तालातलं एक घर, ज्या घरात दिवा लावाल त्या घरात ठोका पडतो. त्यात मी अण्णांचेच ठोके भरले, माझ्या फोनमध्ये मागच्या जत्रेचा व्हिडिओ होता त्यातून एकेक वेचून. जाड टिपरूचा ठोका वेगळा, बारीक काडीचा वेगळा. सहा दिवस होस्टेलवर कानात इअरफोनची बोंडं घालून बसले, रूममेटनं नाव टाकलं. म्हणजे बघा, हलगी अण्णांची, हात अण्णांचे, आवाज अण्णांचा. फक्त अण्णा तेवढे नाहीत! मग विचारावं म्हटलं त्यांनाच, की हा तिसरा ठोका तुम्ही नेमका कुठं टाकता... तर अण्णांचा फोन लागेना. उसाच्या फडात रेंज नसते.

तर पारावर. दुपारचे तीन. अंगठा ढिम्म. मंजुळाबाईंनी एक डोळा उघडला आणि मला म्हणाल्या, "पोरी, ठोका बराबर हाय गं. लई बराबर हाय. पर एकाला एक चिटकून हायेत. जागा कुठं हाय? देवीनं शिरावं कुठून?"

जागा! बाई शाळेत गेल्या नाहीत हो, आणि मला सहा दिवसांत जे कळलं नाही ते लिंबू हातात धरून सांगून मोकळ्या! कारण मशीन वेळेवर असतं. तेच तर दुखणं आहे! अण्णा तिसरा ठोका जरासा मागं ठेवतात. किती मागं? जरासा! आता ‘जरासा’ मशीनला कसा सांगायचा? त्याला आकडा लागतो! तिथंच पारावर मांडी घालून मी तो ठोका मागं ओढला. सेकंदाचे हजार भाग करा, त्यातले पाच. अंगठा ढिम्म. अकरा. ढिम्म. अठरा केले, तर मंजुळाबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "ह्यो पाय मुरगळला का काय?" मग त्याला झोल द्यायचं एक बटण असतं ते पिळलं. चोपन्नवर काही नाही, अठ्ठावन्नवर काही नाही, बासष्टवर पालखीवाले मान डोलवायला लागले, माझ्या जिवात जीव आला, तर ते पेंगत होते! सहासष्टला तर बैलगाडीचं चाक खड्ड्यातून जावं तसं वाजायला लागलं. मग सगळे ठोके सारख्या जोराचे का म्हणून एक हलका, एक भारी, दोन हलके केले. फोन लावला. अण्णांचा फोन लागेना.

आणि तुम्हाला सांगते, त्या मशीनला एक बटण आहे, ते दाबलं की यंत्र म्हणे माणसासारखं वाजवतं! मी म्हटलं हेच! देवा, हेच तर हवं होतं! दाबलं. आणि झालं की माणूस! पण कोणता? सिदू! आमच्या गावचा सिदू, जो संध्याकाळी नीट चालत घरी पोचला तर घरचे घाबरतात! ठोका एक इकडं, एक तिकडं, एक ओट्यावर, एक गटारात! सगळा पार हसला. खुद्द सिदू गर्दीतून ओरडला, "आपल्याला जमलं बरं का ऋतू, ठिव असंच!"

विठ्ठलराव तोवर तिसऱ्यांदा घड्याळ बघून, "काय गं, तुझ्या डब्यात बाप मावंना का? दिवस बुडायच्या आत पालखी हलली न्हाई तर मी गेवराईच्या डीजेला फोन करतो." आणि त्यांचा लागतो हो! रेंजसकट लागतो! डीजेवाला तर फाट्यावरच थांबलेला, म्हणे चहा पितोय.

मग मी आकडे सोडले. डोळे मिटले आणि बोटांनीच बटणं बडवायला लागले, मशीन ऐकून घेत होतं. तेवढ्यात विठ्ठलरावांचा थोरला, रविराज, मागून कानाशी येऊन "झालं का गं?" मी अशी दचकले, अशी दचकले, की बोट आधी उडालं आणि मग बटणावर पडलं. तो दचकासुद्धा मशीननं भरून घेतला. आणि... टुक!

अंगठा! आईशप्पथ! एकदाच, पण हलला! सगळ्या पारानं पाहिलं! मी घाईघाईत ते मशीनमध्ये जपून ठेवायला गेले आणि भलतंच बटण दाबलं... पुसलं गेलं. गेलं!

म्हटलं रविराज, पुन्हा दचकव. तो आला, "झालं का गं?" नाही. पाराच्या मागून उडी मारून आला. नाही. कानाजवळ फटाका लावला. पालखीवाले पळाले, मंजुळाबाईंचं लिंबू पडलं, मी शांत! आयुष्यभर दाराची कडी वाजली तरी दचकले, भाकरी फुगली तरी दचकले, आणि आज, एकदाच, मला दचकायचं होतं, तर दचकता येईना! याला काय म्हणावं? आणि अण्णांचा फोन लागेना.

शेवटी सूर्य बाभळीला टेकला. मागच्या जत्रेचा व्हिडिओच लावून बघावा म्हणून फोन कर्ण्याला जोडला. पण व्हिडिओ मुळात चौदा सेकंदांचा! त्यातली अकरा सेकंद विठ्ठलराव सत्कार घेतायत, उरलेल्या तिनात सुटे ठोके तेवढे, अख्खा ताल नाहीच! विठ्ठलराव म्हणाले, "बास झालं. रविराज, बोलाव त्याला." अण्णा परत येतील, भिंतीवर हलगी टांगलेली असेल, आणि मी काय सांगू, की पोरीनं मान घालवला? सेकंदाच्या हजाराव्या भागानं? मी फोन उचलला आणि शेवटचा म्हणून लावला, कर्ण्याची वायर काढायची राहिली, आणि सगळ्या जत्रेवर ती बाई घुमली, "आपण ज्या ग्राहकाला फोन करत आहात तो सध्या संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे." पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई. विठ्ठलराव खेकसले, "अगं आधी त्या बाईला गप कर!" पुन्हा लावला. फाट्यावरून डीजेचा हॉर्न ऐकू आला. आणि कर्ण्यातून रिंग वाजली.

वाजली! एक. दोन. तीन...

"ह्यालो? कोण, ऋतू का गं? थांब जरासं, डोक्यावर मोळी हाय."

आणि मग काहीच नाही. कर्ण्यात नुसतं उसाचं पाचट सळसळतंय आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून अण्णांची पावलं... धप... धप... आणि आता तिसरं पडायला हवं, मी बोटांवर मोजतेय, पडायला हवं, पडत का नाही... मग सावकाश, त्यांच्या वेळेनं, मोळी पडली. धप्प!

अंगठा हलला.

मग घोटा. मग गुडघा. विठ्ठलराव हात जोडून कर्ण्याला म्हणतायत, "रामहरी, बाबा, फोन ठिवू नको!" आणि मी गुपचूप मशीनची पिन काढली, मध्येच ते वेळेवर वाजायला नको... फर्स्ट क्लास आहे हो मी, इलेक्ट्रॉनिक्सला!