वैदीण सगळ्यांच्या मागं

न्हाई हो, परभणीचा नकाशा न्हाई तो — तळघराचा हाय. गेममधल्या. मीच काढलाय, आलेखाच्या कागदावर. एक चौकोन म्हणजे एक पाऊल, लाल खूण तिथं खड्डा, निळी तिथं दार. हसायलेत तुमी — हसा, मला बरंच वाटलं. आजपर्यंत जे कोणी मला बघायला आले ना, त्यांनी या खोलीत येऊन एकच विचारलं, या कॉम्प्युटरवर टीव्ही लागतो का. नकाशा बघणारे तुमी पहिलेच. बसा की. ती खुर्ची नको, क्लासच्या पोरांनी पार खिळखिळी करून टाकलीय — ही घ्या. अन् दाराकडं बघू नका, ती माझी मावशी. नर्मदामावशी. दार उघडंच राहणार, अन् ती तिथंच बसणार. चहा होईपर्यंत बोला म्हणलेत आपल्याला, तर बोलू.

अन् बोलायचं तर सरळच विचारते. मघा बैठकीत तुमचे वडील काय म्हणले? किशनराव म्हणले, आमच्याकडं सून बाहेरचं काम करत न्हाई, हा क्लास-बिस लग्नापर्यंत. माझे बाबा गप बसले — बसणारच, मुलीचे बाप हायेत. पण तुमी बी गप बसले. पोह्यातले शेंगदाणे शोधत. ते वडलांचंच म्हणणं, का तुमचंबी? — न्हाई, लगेच नका सांगू. घाईनं सांगितलेलं खोटं असतंय. आधी ते सांगा — तुमी म्हणले ना आत्ता, मीबी खेळतो म्हणून? ऑफिसात? साहेब गेल्यावर! मग जिंतूरची शेवटची एसटी चुकत आसंल तुमची. अन् घरी सांगत असताल, काम होतं.

सहा जणांची टोळी ना? मला मालूम हाय तो गेम, पुण्याच्या मामेभावानं त्याच्याबी फ्लॉप्या आणून दिल्या होत्या. सहाच्या सहा जण आपणच बनवायचे. फासे पडतात — ताकद इतकी, चपळाई इतकी, अक्कल इतकी — आवडलं तर ठेवा, न्हाई तर दाबा की पुन्हा फासे. तुमी किती येळा दाबता? — तासभर! बसून तासभर नुसते फासेच? अन् मनासारखे आकडे जुळले की मग गेमला सुरुवात. बरं, कोण कोण हाय टोळीत? — लढवय्ये चार. जादूगार. कुलूप उघडायला चोर. अन् वैद्य? जखमा कोण भरतंय? — काय म्हणलात? मेला की नवा बनवायचा?

न्हाई, काही न्हाई. त्या गेममध्ये चालतंय तसं. खरंच चालतंय. गावातल्या धर्मशाळेत जायचं, नवा माणूस बनवायचा, जुन्याचं चिलखत त्याच्या अंगात घालायचं, पुढं चालू. मी काही तुमाला नावं ठेवायली न्हाई. पण एक विचारू? राग नका मानू. माझ्या आधी तुमी लोक बऱ्याच जागी जाऊन आलेत ना बघायला? — बघा, खाली बघितलं. मी म्हणलं ना, राग न्हाई. रीतच हाय. उंची बघा, रंग बघा, चालून दाखव, सुई ओवून दाखव. फक्त मला एवढंच कळंना, तासभर फासे टाकणारा माणूस कधी म्हणणार की आता बस, हीच.

माझा गेम वेगळा. यात आपण एकटेच निघतो. बाकीचे वाटेत भेटतात — कोणी बाजारात, कोणी तुरुंगात — अन् ते आधीच जसे असतात तसे. तुमाला त्यांचा एक आकडा बदलता येत न्हाई. घ्या न्हाई तर सोडा. एक तिरंदाज हाय त्यात, लय कामाचा, पण तुमी रस्त्यात एखाद्या गरिबाला लुटलं ना, की तो भांडत न्हाई, काही न्हाई — सकाळी बघावं तर टोळीत नसतो. पहिल्यांदा झालं तवा मला वाटलं मशीनच बिघडली! अन् दुसरं — तुमच्यात लढाई जिंकली की पॉइंट सगळ्यांना सारखे वाटून मिळतात, मागं नुसत्या उभ्या असलेल्यालाबी. माझ्यात तसं न्हाई. जो करतो त्याचंच वाढतं. तलवार चालवली तर तलवारीचा हात सुधारतो, कुलपं उघडली तर कुलपांचा. अन् ज्याला काहीच करू दिलं न्हाई तो शेवटपर्यंत होता तसाच राहतो. कोणता गेम चांगला म्हणताल तर तुमचा सोपा हाय. माझा लय छळतो. पण मला तुमच्यात दोन दिवसांत कंटाळा आला, कारण त्यातली माणसं मेली तरी वाईट वाटत न्हाई.

माझ्यात वाटतं. आत्ता संक्रांतीला, विद्यापीठाचं नामांतर झालं तवा, सगळं बंद होतं ना — क्लासला कोणी न्हाई, बाबांनी आतून कडी लावलेली, रस्त्यावर पोलिसांची गाडी फिरायली. मी इथंच बसून खेळायले. माझी टोळी तवा भरलेली, सहाजण. मी त्यात वैदीण. नाव माझंच दिलं होतं, सुमंगला, पण आठच इंग्रजी अक्षरं बसतात, शेवटचं तुटलं. तर आमी तळघराच्या पार खालच्या मजल्यावर पोचलो. वाटेत काय काय मिळालं — चिलखत मिळालं, ते पुढच्या लढवय्याला. ढाल, ती दुसऱ्याला. औषधाची बाटली तिरंदाजाला. लढाई झाली की जखमा भरायच्या — आधी सगळ्यांच्या, मग ताकद उरली तर आपली. कधी उरायचीच न्हाई. सुमंगलाच्या अंगावर पहिल्या दिवशीचाच झगा, सुती. मला कोणी सांगितलं नव्हतं तसं करायला. पण आमच्याकडं बायका मागून जेवतात ना — आईनं जन्मभर तेच केलं, टोपल्यात भाकर उरली तर तिची — माझा हातबी तसाच चालला. कीबोर्डवरसुद्धा. कळलंच न्हाई मला.

एक बाण लागला. फार मोठा राक्षस-बिक्षस न्हाई, एक साधा भुरटा होता. सुमंगला पडली. अन् मेलेल्याला उठवायची विद्या टोळीत फक्त तिलाच येत होती! बाकीचे पाचजण तिच्याभोवती — चांगले लोखंडानं मढलेले, माझ्याच हातानं मढवलेले — अन् एकालाबी काही येईना. मग एकेक करून सगळे गेले. मी इथं तोंडावर ओढणी धरून रडले. बाबांना वाटलं, बाहेरच्या गडबडीला भ्यायले. मी म्हणलं, व्हय, भ्यायले.

हे मी तुमाला कामून सांगायले? मावशीला पण सांगितलं न्हाई. — तुमी ऐकून घेता म्हणून. मघापासून एकदाबी मधे तोडलं न्हाई तुमी मला. अन् आता सांगायलेच तर सगळंच सांगते: बाबांनी अजून विचारलं नव्हतं, त्याच्या आधीच मी हो म्हणले होते. तुमचा फोटो आला तवाच. तो त्या फ्लॉपीच्या डब्यात — जाऊ द्या. तिकडं नका बघू. बोलून गेले मी, आता काय.

तर मला लय काही नको. घर तुमचं, गाव तुमचं, स्वयंपाक करीन, सणवार करीन. जिंतुरात कॉम्प्युटरचा क्लास न्हाई, मी बघून ठेवलंय, माझा तिथंच काढीन. फक्त बाहेर जाऊन, तुमच्या वडलांसमोर, माझ्या बाबांसमोर, एक वाक्य म्हणा — ही क्लास चालवणार. बस. आज म्हणा. मोठ्यानं म्हणायची गरज न्हाई, त्यांना ऐकू जाईल एवढं.

काय?

"आधी लग्न तर होऊ द्या, मग बघू." — कोण बघणार? तुमी? का तेच? न्हाई, समजावून सांगा मला, मला खरंच समजून घ्यायचंय. मघा त्यांच्यासमोर तोंडातून शब्द निघाला न्हाई, तो मांडवातून आल्यावर निघणार? — हळूहळू. बरं. हळूहळू म्हणजे माझे केस पांढरे झाल्यावर? — तुमी वाईट न्हाईत हो. तेच तर अवघड करून ठेवलंय तुमी. वाईट असते तर मी नकाशासुद्धा दाखवला नसता.

ऐका. अडकित्ता मागायलेत बाहेर. तुमचे वडील हाक मारायलेत — मार्तंड, मार्तंड. चहाबी न घेता ठरवून टाकलं का काय त्यांनी! अन् तुमी उठले? मी अजून बोलायले अन् तुमी उठून शर्टाची बाही नीट करायले.

बरं. या मग. — न्हाई, तुमी मागून या, मी आधी जाते. मावशी, सरक जरा. सरक म्हणते ना. बाबा — बाबा, ती सुपारी फोडू नका.